थोडे म्हणजे किती

गल्लीत तिला सगळे कात्री म्हणतात. हे नाव हातामुळे पडलं की जिभेमुळे, यावर तिच्या दुकानात अधूनमधून वाद होतो आणि तो ती स्वतःच मिटवते. "जिभेला धार लावायला पैसे पडत नाहीत, एवढाच काय तो फरक."

दुकान लहान आहे. एका बाजूला औषधांचं दुकान, दुसऱ्या बाजूला चपला दुरुस्त करणारा, आणि दोघांनी जरा सरकून जागा दिल्यासारखं मध्ये हिचं. दोन खुर्च्या, भिंतभर आरसा, आरशाच्या खालच्या कडेला पाण्याचे तपकिरी डाग. दिवसभर ती खुर्चीच्या मागे उभी असते आणि आरशातल्या माणसाशी बोलत असते. नवऱ्याशी पटत नाही त्यांना सल्ला, मुलीचं कुठे जमत नाही त्यांना धीर, उगाच शहाणपणा शिकवणाऱ्यांना टोला. हात चालू, तोंड चालू. ज्याच्याशी आपण बोलतो तो माणूस खरं तर आपल्याकडे पाठ करून बसलेला असतो, हे इतक्या वर्षांत तिच्या मनातही आलं नव्हतं.

ते कळलं चाळिशी उलटल्यावर, एका वर्गात. आणि त्या वर्गापर्यंत तिला नेलं ते तिच्या उजव्या अंगठ्यानं.

आधी नुसती कळ यायची, अंगठ्याच्या मुळापासून मनगटापर्यंत. मग सकाळी बरणीचं झाकण फिरेना. मग एकदा एका बाईच्या मानेशी बारीक काम चालू असताना कात्री बोटांतून निसटली आणि फरशीवर पडली. बाई दचकली. "साबण लागला होता हाताला," असं म्हणून कात्रीनं वेळ मारून नेली. डॉक्टरांना मात्र असं काही सांगून चालण्यासारखं नव्हतं. त्यांनी अंगठा मुठीत धरायला लावला, मनगट खाली वाकवलं, आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून म्हणाले, "पट्टा देतो, इंजेक्शन देतो. पण दिवसभर कात्री चालवत राहिलात तर पुढे चहाचा कपसुद्धा डाव्या हातानं धरावा लागेल."

"मग काय करू?"

"दुसरं काहीतरी."

दुसरं काहीतरी! जसं काही ते दुसरं काहीतरी औषधांच्या दुकानात बाटलीत भरून ठेवलेलं असतं.

तरी ते सापडलं. मुलींना धंद्याचं शिक्षण देणारं एक केंद्र होतं, तिथे केस कापायला शिकवणाऱ्या बाई निवृत्त होत होत्या. जागा भरायची होती. अट एकच, शिकवण्याचा संध्याकाळचा अभ्यासक्रम पुरा केलेला हवा. कात्रीनं नाव घातलं. नाव लिहून घेणाऱ्या कारकुनानं मान वर न करता विचारलं, "हात चालतात ना नीट? मुलींना करून दाखवावं लागतं."

"चालतात की," ती म्हणाली. पट्टा काढून पर्समध्ये ठेवला होता.

वर्गात सगळी तिच्यासारखीच हाताची माणसं होती. एक नळाची कामं करणारे, टक्कल पडलेले, सगळे त्यांना नळवाले म्हणत. एक विजेची कामं करणारा, एक शिवणकाम करणारी, दोघं सुतार. धडा कसा आखायचा, मुलाला रागवायचं असेल तर कसं, फळ्यावर कसं लिहायचं, हे सगळं तिला जमलं. जमणार नाही असं त्यात काही नव्हतंही. शेवटी मात्र तोंडी परीक्षा होती. वर्गापुढे उभं राहून आपल्या धंद्यातल्या एका गोष्टीवर बोलायचं. बाहेरचे दोन परीक्षक असणार. कागद वाचायचा नाही. हातात हत्यार घ्यायचं नाही.

"हत्यार का नाही?" सुतारांपैकी एकानं विचारलं होतं.

"हातात हत्यार आलं की तुम्ही काम करायला लागता," सर म्हणाले. सर वयानं तिच्या भाच्याएवढे, पण बोलणं तोलून मापून. "काम तुम्हाला येतं. ते आम्हाला बघायचं नाही. समोरच्याला ते कळेल असं तुम्हाला सांगता येतं का, ते बघायचंय. यात जो नापास होईल त्यानं पुढच्या वर्षी पुन्हा यायचं."

पुढच्या वर्षी! तोवर ती जागा कुणीतरी घेतलेली असणार, आणि अंगठा कुठवर पोचलेला असेल कोण जाणे.

परीक्षेच्या आधी सरांनी सगळ्यांची एकदा तालीम घेतली. कात्रीला काळजी नव्हती. बोलणं हे काय तिला कुणी शिकवायला हवं होतं? ती उठली, पुढे गेली, वळली. आणि समोर एकदम इतकी तोंडं होती. ही तोंडं चौकटीत नव्हती. कुठेही होती. वर, खाली, कोपऱ्यात. सगळी थेट तिच्याकडे बघत होती आणि तिच्या हातांना काही काम नव्हतं. तिनं ते आधी पुढे बांधले, मग मागे, मग एक हात कमरेवर ठेवला तेव्हा ते भांडायला उभं राहिल्यासारखं वाटलं म्हणून काढून घेतला.

"केसांचे प्रकार," ती म्हणाली. "केसांचे प्रकार असे आहेत की..."

पुढचं तिला आठवेना. डावीकडे खिडकी होती. बाहेर अंधारलं होतं आणि काचेत सगळा वर्ग दिसत होता, लहान, शांत, चौकटीत बसलेला. तिकडे बघताबघता तिला एक वाक्य सुचलं, मग दुसरं. मग बोलणं चांगलं सुरू झालं. कोरडे केस, तेलकट केस, कुरळ्यांची नाटकं. मध्ये एक विनोदही झाला. बरं चाललंय, असं वाटत असतानाच मागून सरांचा आवाज आला.

"आम्ही इकडे आहोत."

ती वर्गाकडे पूर्ण पाठ करून खिडकीशी बोलत उभी होती.

हसणं आवरायचा कुणी प्रयत्नही केला नाही. शिवणकामवालीनं तोंडावर रुमाल धरला, तर विजेवाला म्हणाला, "कात्रीताई, काचेलाच पास करायचं की काय?" ज्या बाईला उत्तर सुचलं नाही असा दिवस गल्लीत कुणाला आठवत नव्हता, तिला त्या दिवशी सुचलं नाही. ती जागेवर जाऊन बसली आणि टेबलाखाली उजवं मनगट डाव्या हातानं दाबत राहिली.

घरी लेकीनं सूत्रं हातात घेतली. लेक कॉलेजात जाते, तिथे हे असलं बोलणं रोजचंच. तिनं आईला स्वयंपाकघराच्या दारात उभं केलं, आजीला समोर खुर्चीवर बसवलं आणि स्वतः ओट्याला टेकली.

"आई, पहिलं वाक्य पाठ कर. बाकीचं पाठ नाही करायचं, फक्त पहिलं. आणि एक चेहरा निवड. सगळ्यांकडे बघायला गेलीस की कुणाकडेच बघत नाहीस. एका माणसाशी बोल."

"इथे एकच माणूस आहे," सासूबाई म्हणाल्या. "मी."

"मग तुझ्याशीच बोलतेय ना ती, आजी."

"माझ्याशी ती रोज बोलते. त्याला काय परीक्षा लागते? त्याला सहनशक्ती लागते."

कात्रीनं सुरुवात केली. सासूबाई तिसऱ्या वाक्याला डुलक्या घ्यायला लागल्या.

"बघ!" कात्री म्हणाली.

"झोपले नाहीये मी. कंटाळलेय." सासूबाईंनी डोळे उघडले. "अगं, केसांचे प्रकार ऐकून मी काय करू? सगळ्यांनाच डोक्यावर केस असतात. काहींना नसतात. तुझ्या दुकानात मी बसते तेव्हा तू हे बोलतेस का कधी?"

"दुकानात काय बोलते मी?"

"विचारत असतेस. सारखी. इतके का, तितके का, कानावर येऊ देऊ का, मागे चालेल का. डोकं उठवतेस."

लेक ओट्यावरून सरळ झाली. "आई, हाच विषय घे."

"कुठला?"

"कापायच्या आधी काय विचारायचं."

कात्रीनं नको म्हटलं. त्यात बोलण्यासारखं काय आहे? पण त्या रात्री भांडी लावताना तिला दिसलं की आपण त्याच विषयावर मनातल्या मनात बोलायला लागलोय, आणि ते थांबत नाहीये.

परीक्षेच्या दिवशी खोली बदलली होती. या खोलीला खिडक्या होत्या, पण त्यांना जाड पडदे होते आणि ते ओढलेले होते. सरांनी ते मुद्दाम केलं की काय कोण जाणे. बाकं अर्धगोलात मांडली होती. दोन्ही परीक्षक भिंतीशी, वेगळ्या टेबलामागे. एक वयस्कर गृहस्थ, सतत घड्याळाकडे बघणारे. दुसऱ्या एक बाई, बारीक, केस मानेवर घट्ट बांधलेले. कात्रीनं बघताक्षणी ठरवलं, हे केस या बाईंनी स्वतःच कापलेत, आणि तेही घाईत.

दुकानात सकाळी तिनं नेहमीच्या एका गिऱ्हाइकाचं काम केलं होतं, नाही म्हणता आलं नाही म्हणून. त्याचा हिशेब अंगठा आता मागत होता. पट्टा तिनं बांधला नव्हता. लांब स्वेटर घातला होता आणि उजवा हात त्याच्या खिशात ठेवला होता.

विजेवाला आधी बोलला. चांगलं बोलला. विजेचा धक्का बसलेल्या माणसाला कसं सोडवायचं, हे त्यानं असं सांगितलं की नळवाल्यांनी आपले पाय नकळत जमिनीवरून उचलले. बसताना त्यानं कात्रीकडे बघून अंगठा वर केला. चिडवायला नव्हे.

"पुढे," सर म्हणाले.

ती पुढे गेली. पहिलं वाक्य पाठ होतं. एक चेहरा निवडायचा होता. तिनं परीक्षक बाईंचा निवडला, आणि नेमक्या तेव्हाच बाईंनी मान खाली घालून काहीतरी लिहायला घेतलं. तिच्या नजरेसमोर नुसता भांग उरला. ती त्या भांगाकडे बघत राहिली. वाकडा होता. पहिलं वाक्य त्या वाकड्या भांगातून कुठेतरी निघून गेलं.

खोलीत कुणीतरी खुर्ची सरकवली. कुणीतरी खोकलं. गृहस्थांनी घड्याळ बघितलं.

कात्रीची नजर पडद्यांकडे गेली, पण पडद्यात काहीच दिसत नव्हतं. आता जाऊन बसावं, असं तिच्या मनात आलं. बसावं, घरी जावं, उद्या दुकान उघडावं आणि जोवर चालेल तोवर चालवावं. ते किती सोपं होतं! फक्त दोन पावलं. आणि ती दोन पावलं टाकायच्या बेतात असताना तिचा डावा हात टेबलाजवळच्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीला लागला.

लाकडी पाठ, हाताच्या उंचीला. हाताला ती ओळखीची होती.

"सर," ती म्हणाली, "खुर्ची हत्यारात मोडते का?"

सरांनी परीक्षकांकडे बघितलं. गृहस्थ म्हणाले, "खुर्ची कशाला?"

"कुणाला तरी बसवायचंय."

परीक्षक बाईंनी मान वर केली. "बसवा," त्या म्हणाल्या.

"नळवाले भाऊ, जरा येता?"

नळवाले उठले, डोक्यावरून हात फिरवत पुढे आले. "अहो ताई, पण इथे कापायला आहे काय?"

"कापायचं नाहीये. बसा."

"मग पैसे नाही घ्यायचे हां."

वर्ग हसला. तिनं खुर्ची वर्गाकडे तोंड करून ठेवली आणि नळवाले बसल्यावर स्वतः त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली. डावा हात त्यांच्या खांद्यावर टेकवला. मग समोर बघितलं. तीच तोंडं होती, पण आता ती नळवाल्यांच्या डोक्याच्या वरच्या कडेपासून सुरू होत होती, आणि दुकानात रोज ज्या जागी आरसा असतो तिथे होती.

"हे माझं गिऱ्हाईक," ती म्हणाली. "बसलंय. मी अजून काही हातात घेतलेलं नाही. केस बिघडतात ते कात्री चालवताना बिघडत नाहीत. ते इथेच बिघडतात, आत्ता. भाऊ, कसे कापू?"

नळवाल्यांनी गंभीर चेहरा केला. "थोडेच कापा."

"ऐकलंत? शंभरातली नव्वद माणसं हेच म्हणतात. थोडेच कापा. आता सगळ्यांनी बोटांनी दाखवा, थोडे म्हणजे किती. विचार नका करू. दाखवा."

कुणी हात वर करीना. फसलं, तिला वाटलं. मग शिवणकामवालीनं अंगठा आणि तर्जनी वर केली, मध्ये जेमतेम नखाएवढी जागा. एका सुताराचं अख्खं बोट. विजेवाल्यानं हाताचा पंजाच पसरला.

"अरे बाबा, तू तर मुंडणच करशील!" नळवाले म्हणाले.

मग सगळेच हात वर झाले. प्रत्येकाचं थोडं वेगळं. लोक एकमेकांच्या बोटांकडे बघून हसायला लागले. गृहस्थांनीही टेबलावर कोपर टेकवून दोन बोटं दाखवली आणि परीक्षक बाईंच्या बोटांकडे हळूच तिरकं बघितलं.

"आता सांगा, मी कुणाचं ऐकू?" कात्री म्हणाली. तिचा आवाज आता दुकानातला झाला होता. "म्हणून मुलींना मी पहिल्या दिवशी हे शिकवणार, की थोडे हा शब्द ऐकला की कात्रीला हात लावायचा नाही. विचारायचं, बोटानं दाखवा. कानाच्या वर की खाली? उद्या कुठे जायचंय का? मागच्या वेळी कुणी बिघडवले होते का? आणि मग गिऱ्हाईक म्हणेल, चालेल. तर तिथे आणखी एक फसवणूक असते."

ती थांबली. लेकीनं सांगितलं होतं, महत्त्वाच्या गोष्टीआधी थांब, आणि घरी तिला ते कधीच जमलं नव्हतं. इथे ती थांबली कारण तिला श्वास घ्यायचा होता. पण खोली तिच्याबरोबर थांबली.

"माणसं भिडस्त असतात. तोंडानं चालेल म्हणतात, आणि मनात चालत नसतं. तोंड बघून कळत नाही, तोंडाला हसायची सवय झालेली असते. मग काय बघायचं? अंगावर आपण कापड टाकतो. हात त्या कापडाखाली असतात. हात आपल्याला दिसत नाहीत म्हणून तो माणूस ते सांभाळत नाही. पण मूठ आवळली की कापड हलतं. एवढंसं. माझ्या मावशीनं मला हे दाखवलं, तिच्याकडे मी शिकले. तोंड चालेल म्हणालं आणि कापड हललं, तर कात्री खाली ठेवायची. आणि पुन्हा विचारायचं. दुसऱ्यांदा विचारलं की माणूस खरं सांगतो. पहिलं उत्तर आपल्याला बरं वाटावं म्हणून असतं."

नळवाले आपल्या मांडीवरच्या मुठींकडे बघत होते. मागच्या बाकावर कुणीतरी हातांची घडी सोडली.

अजून बरंच होतं सांगायचं, पण वेळ संपत आला होता आणि शेवट कसा करायचा हे तिनं ठरवलं नव्हतं. "एवढंच," ती म्हणाली. नळवाल्यांच्या खांद्यावर थोपटलं. "उठा भाऊ, झालं."

"बरे दिसतात ना?" नळवाले डोकं चाचपत उठले, आणि टाळ्या पडल्या त्या निम्म्या त्यांना होत्या.

ती बसायला निघाली तेव्हा परीक्षक बाई म्हणाल्या, "थांबा. एक प्रश्न आहे."

ती खुर्चीमागे तशीच उभी राहिली. आता खुर्ची रिकामी होती.

"तुमचं दुकान चांगलं चालतं, असं सर म्हणतात. चालतं दुकान सोडून तुम्हाला शिकवायला का यायचंय?"

हा प्रश्न येणार हे तिला माहीत होतं. उत्तर लेकीबरोबर तयार केलं होतं, गुळगुळीत, कुठे अडकणार नाही असं. "आवड आहे म्हणून," ती हसून म्हणाली. "इतकी वर्षं जे शिकले ते नव्या मुलींना द्यावं असं वाटतं."

बाईंनी ते लिहून घेतलं नाही. पेन खाली ठेवलं. त्यांची नजर कात्रीच्या चेहऱ्यावर नव्हती. ती खाली होती, तिच्या स्वेटरच्या उजव्या खिशावर.

खिशातल्या हाताची मूठ वळली होती. लोकर ताणली होती, आणि ते कात्रीला बाईंची नजर बघून कळलं.

"पुन्हा विचारते," बाई शांतपणे म्हणाल्या.

वर्गात कुणी हललं नाही. त्यांनाही कळलं होतं. आत्ताच तर तिनं त्यांना शिकवलं होतं, आणि ते शिकले होते. विजेवाल्यानं नजर दुसरीकडे वळवली. कारकुनाचा प्रश्न तिच्या कानात वाजला, हात चालतात ना नीट? अजूनही ती मूठ उघडू शकत होती, पुन्हा हसू शकत होती, तेच उत्तर दुसऱ्या शब्दांत देऊ शकत होती. कुणी काही सिद्ध करू शकलं नसतं. पण मग आत्ता आपण जे बोललो ते काय होतं?

तिनं हात खिशातून बाहेर काढला आणि खुर्चीच्या पाठीवर ठेवला. अंगठ्याच्या मुळाशी सूज होती. लपवलेली असताना ती तिला फार मोठी वाटायची. उजेडात तितकी मोठी नव्हती.

"अंगठा गेलाय," ती म्हणाली. "म्हणजे जातोय. डॉक्टर म्हणतात कात्री सोडा. आवड आहे हे खोटं नाही, पण ती आवड दुकानातही होतीच. मी इथे आले कारण मला धंदा सोडायचा नाहीये आणि हात तो करू देत नाहीये."

"मग मुलींना करून कसं दाखवणार?" गृहस्थांनी विचारलं. आवाजात कडवटपणा नव्हता, पण प्रश्न सरळ होता.

"थोडं दाखवता येईल. थोडं म्हणजे," ती अडखळली. कुणीतरी हसलं, आणि हसण्यात वाईट काही नव्हतं. "दिवसातून एखादा कट. जास्त नाही. बाकी सांगता येईल. आणि एक गोष्ट मी दुसऱ्या कुणाहीपेक्षा नीट सांगेन. माझा अंगठा असा का झाला ते. कात्रीच्या कडीत आम्ही अख्खा अंगठा घालायचो, पार सांध्यापर्यंत. मावशीही तशीच घालायची. खरं तर नुसतं टोक टेकवायचं असतं, नखापुरतं, आणि कात्री बाकीच्या बोटांनी धरायची. ते मला डॉक्टरांनी सांगितलं, गेल्या वर्षी. तोवर मी चुकीचंच धरत होते आणि मला कात्रीची मास्तरीण म्हणत होते लोक. नव्या मुलींच्या हाताला सवय लागायच्या आत हे कुणीतरी बघायला हवं."

बाईंनी विचारलं, "आणखी काही?"

"नाही."

"बसा."

उरलेल्यांची भाषणं तिनं ऐकली, पण त्यातलं काही तिच्यापर्यंत आलं नाही. शिवणकामवाली घाबरून फार भरभर बोलली. एका सुतारानं लाकडाच्या रेषांबद्दल काहीतरी सुंदर सांगितलं, आणि तेही तिला नंतर कुणीतरी सांगितल्यावर कळलं. मग सगळ्यांना बाहेर काढलं. वऱ्हांड्यात बाक नव्हतं. भिंतीला टेकून उभं राहायचं.

"सांगायला नको होतं," विजेवाला हळूच म्हणाला. "ताई, भाषण एक नंबर झालं होतं. बोलायचं ना, मुलींना घडवायचंय वगैरे. संपलं असतं."

"संपलं नसतं," नळवाले म्हणाले. "त्या बाईंनी तिसऱ्यांदा विचारलं असतं. बघितलंस ना कशा बघत होत्या?"

"ते हिनंच शिकवलं त्यांना."

"तेच तर."

कात्रीनं पर्समधून पट्टा काढला आणि सगळ्यांसमोर मनगटाला बांधायला घेतला. डाव्या हातानं नीट जमत नव्हतं. शिवणकामवालीनं पुढे होऊन तो ओढून घट्ट बसवला, टाके घालावेत इतक्या सफाईनं, आणि काही न विचारता बाजूला झाली.

आत बोलण्याचे आवाज येत होते. एकदा गृहस्थांचा आवाज चढला. मग बाईंचा, खालच्या पट्टीत, बराच वेळ. कात्रीनं शब्द पकडायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. तिला वाटलं, गिऱ्हाईक म्हणून खुर्चीत बसलं की असंच वाटत असणार. मागे काय चाललंय ते दिसत नाही, आणि मान हलवायची नाही.

दार उघडलं. सरांच्या हातात कागद होता. त्यांनी नावं न घेता धंद्यानं वाचायला सुरुवात केली, ते नेहमी तसंच करायचे. वीज, उत्तीर्ण. नळ, उत्तीर्ण. नळवाल्यांनी डोक्यावरून हात फिरवला. शिवण, उत्तीर्ण. सुतारकाम, दोघेही. मग सर थांबले, आणि त्या थांबण्यात कात्रीला स्वतःच्या मनगटातली नस पट्ट्याला लागून उडताना जाणवली.

"केशकर्तन. उत्तीर्ण," सर म्हणाले. "जागेबद्दल केंद्राकडे शिफारस केलीये, पण एका अटीवर. प्रात्यक्षिकाला मदतनीस द्यावी लागेल. जुन्या बाईंची एक विद्यार्थिनी आहे, तिला विचारणार आहेत. केंद्रानं हो म्हटलं तर पुढच्या महिन्यापासून."

"आणि नाही म्हटलं तर?"

सरांनी कागदाची घडी घातली. "परीक्षक बाई केंद्राच्या समितीवर आहेत. मी एवढंच सांगू शकतो."

"म्हणजे कसं?" नळवाल्यांनी तिला विचारलं. "हात दुसरीचे आणि तोंड तुमचं?"

"असंच दिसतंय."

"मग बिघडलं काय! तोंडाला कुठे दुखतंय तुमच्या?"

सगळे हसले. तीही हसली, आणि हसताहसता तिला कळलं की आता दुकानातल्या त्या दोन खुर्च्यांचं काय करायचं हे खरोखरच ठरवावं लागणार आहे. आजपर्यंत ते परीक्षेच्या पलीकडे होतं. आता मध्ये काही उरलं नव्हतं.

ती जिन्याशी गेली आणि डाव्या हातानं फोन लावला. पहिल्या घंटीलाच लेकीनं उचलला.

"झालं? काय झालं? आई, बोल ना. पहिलं वाक्य आठवलं का?"

"नाही आठवलं."

"अगं देवा! मग?"

मागून सासूबाईंचा आवाज आला, "रडतेय का ती? विचार तिला, रडतेय का."

"नाही रडत," कात्री म्हणाली. ती जिन्याच्या पायरीवर बसली. "पास झालेय. थांब, जरा श्वास घेऊ दे. मग पहिल्यापासून सांगते."